उघड्या हातांनी घेतलेला झेल

बाई, मागच्या महिन्यात जपानमध्ये एका मॅचला मी उघड्या हातांनी कॅच घेतला. आधी एवढं सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ खपायचं नाही. शाळेच्या मैदानावर कोणी काही सांगायला आलं की तुम्ही शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणायचात, "मुद्द्याचं बोल, उन्हात उभी आहेस." तर मुद्दा हा. तुडुंब भरलेलं स्टेडियम, प्रोफेशनल बेसबॉलची मॅच, आभाळात जाऊन रेषेबाहेर प्रेक्षकांकडे वळलेला फाउल बॉल आणि त्याच्या खाली मी. वय एक्कावन्न. बॉल हातात आला आणि हातातच राहिला. उजव्या हाताचं मधलं बोट अजून सुजलेलं आहे, म्हणून अक्षर असं येतंय. बोट दुखतंय आणि मला त्याचा फार अभिमान आहे. ऑफिसमध्ये कोणी विचारलं नाही तरी मी ते पुढे करते, म्हणजे मग विचारावंच लागतं.

मी नोव्हायला राहते, मिशिगनमध्ये. डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्यामुळे इथे आपली माणसं इतकी झाली आहेत की गणपतीच्या दिवसांत हॉलबाहेर पार्किंग मिळत नाही. गाडीच्या दाराचं लॅच नीट बसतं की नाही, हे तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. तुम्ही गेलात तेव्हा मी अमेरिकेत नवी होते. एका वर्गमैत्रिणीने पत्रात बातमी कळवली होती, तीही शेवटच्या चार ओळींत, तिच्या बहिणीचं लग्न ठरल्याच्या खाली. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि कपडे धुवायला तळघरात गेले. रडले नाही. तुमच्यावर रागावलेली होते आणि मेलेल्या माणसावर रागवावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. आज शनिवारची सकाळ आहे, नवरा भाजी आणायला गेला आहे, आणि चोवीस वर्षांनी मला ते ठरवता आलं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमच्याकडे सहा ग्लोव्ह होते आणि एक बॉल. कुठल्यातरी शिबिरात तुम्ही सॉफ्टबॉल शिकून आलात, सोबत नियमांचं पातळ पुस्तक घेऊन, आणि आमच्या मुलींच्या शाळेत टीम उभी केलीत. आमच्या जळगावात तेव्हा लोकांना तो मुलींसाठी सोपा केलेला क्रिकेटचा प्रकार वाटायचा. माझे वडील शेवटपर्यंत त्याला "तुमची ती लगोरी" म्हणायचे. नऊ मुली आणि सहा ग्लोव्ह, म्हणजे मागे लांब उभ्या राहणाऱ्या तिघी उघड्या हातांच्या. समोरच्या टीमकडे तर बहुधा काहीच नसायचं. म्हणून तुमचा नियम असा, की आपली बॅटिंग आली की ग्लोव्ह काढून जिथे उभ्या होतात तिथेच जमिनीवर ठेवायचा. समोरची मुलगी येईल, तो उचलेल, खेळेल, आणि जाताना परत तिथेच ठेवेल. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. आम्हाला वाटायचं की जगभर असंच खेळतात. हरलेल्या टीमची मुलगी घामाने ओला झालेला ग्लोव्ह परत ठेवताना त्याच्यावरची माती झटकायची, हेही मला खेळाच्या नियमातच आहे असं वाटायचं.

बॉलचा नियम याहून कडक. एकच बॉल, तोही मोच्याकडून दोनदा शिवून घेतलेला. तो कुंपणापलीकडे गेला तर मॅच थांबायची आणि दोन्ही टीम एरंडाच्या झुडपांत शिरायच्या. झेल घेतला, समोरची आउट झाली, सगळं मैदान नाचायला लागलं, तरी बॉल आधी परत गेला पाहिजे. "आनंद पळून जात नाही, बॉल जातो," असं तुम्ही म्हणायचात. आणि तिसरा नियम ओरडायचा. उंच उडालेल्या बॉलखाली दोघी आल्या तर एकीने "माझा" म्हणायचं, मोठ्याने, आणि दुसरीने निमूट बाजूला व्हायचं. आमच्यातल्या निम्म्या मुलींना घरी पोळी कोणती घेऊ हेसुद्धा विचारून घ्यावं लागायचं. त्यांच्याकडून तुम्ही भर मैदानात "माझा, माझा" असं ओरडून घेत होतात. तेव्हा ते किती मोठं होतं हे मला कळलं नाही. तेव्हा फक्त घसा दुखायचा.

शाळेमागच्या तुमच्या दोन खोल्या मला अजून दिसतात. पहिल्या खोलीत कॉट, कॉटखाली किटची पेटी. दुसऱ्या खोलीत स्वयंपाक. ओट्यावर स्टोव्ह, भिंतीला टांगलेली पळ्यांची रांग, आणि मागच्या दारातून दिसणारं फरशी घातलेलं अंगण. आठवड्याचा बाजार उठताना तुम्ही उरलेसुरले, पार पिकलेले टोमॅटो घेऊन येता. आम्ही अंगणात गोल करून उभ्या राहतो आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून एकेक टोमॅटो उंच टाकता. फोडायचा नाही. "दारात आलेल्या पाहुण्याला छातीवर हात ठेवून अडवतेस का? आत घे. हात मागे ने आणि आत घे." जिचा फुटेल तिचा टोमॅटो भाजीत जातो आणि ती भांडी घासते. मी त्या अंगणात कधीही भांडी घासली नाही, बाई. एकदाही नाही. हे तुम्हाला आठवत असेल असं मी धरून चालले आहे. ती भाजी, भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन आम्ही अंधार पडायच्या आत घरी पोचायचो, आणि माझी आई फ्रॉकवर उडालेला दुसरीच्या टोमॅटोचा लाल डाग बघून दर वेळी एकच प्रश्न विचारायची, की शाळा शिकायला पाठवली आहे की स्वयंपाकाला.

नववीत आपण विभागीय फायनलला गेलो. समोर मोठ्या शहरातली शाळा, नऊ मुली, नऊ स्वतःचे ग्लोव्ह, आणि नावं घातलेले टी-शर्ट. पहिली इनिंग संपल्यावर मी थर्ड बेसजवळ माझा ग्लोव्ह जमिनीवर ठेवला आणि धावत आत आले. मागे हसण्याचा आवाज आला. त्यांच्या मुलीने तो बुटाच्या टोकाने रेषेबाहेर सरकवला. तुम्ही ते पाहिलंत आणि स्कोअरच्या वहीत मान घातलीत. पुढच्या इनिंगला मी तो रेषेबाहेरून उचलला, माती झटकली आणि मान खाली घालून जागेवर उभी राहिले. शेवटच्या इनिंगला आपण एका रनने पुढे, दोन आउट, त्यांच्या दोन मुली बेसवर. बॉल उंच उडाला. थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपच्या मधोमध. शॉर्टस्टॉपला उभी असलेली आपली मुलगी आणि मी, दोघी खाली पोचलो. मी आधी पोचले. तो माझा होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बॉल माझ्या ग्लोव्हच्या काठावर आपटून उडाला, त्यांच्या दोघी पळत होम बेसवर पोचल्या, आणि नऊ टी-शर्ट एकमेकांच्या गळ्यात पडले.

एसटीत तुम्ही पुढच्या सीटवर बसलात आणि जळगाव येईपर्यंत मागे वळला नाहीत. स्टँडवर सगळ्या उतरल्या, सगळ्यांचे बाप, भाऊ न्यायला आले होते. तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला वाटलं तुम्ही डोक्यावर हात ठेवाल. तुम्ही म्हणालात, "तुझे पाय शूर आहेत, म्हणून तू बॉलखाली पोचतेस. पण हात भित्रे आहेत तुझे. ज्याला माझा म्हणता येत नाही, त्याच्या हातात काही राहत नाही." आणि किटची पेटी उचलून तुम्ही रिक्षाकडे गेलात. दहावीत मी टीममध्ये आले नाही. घरी सांगितलं की अभ्यास आहे, शाळेत सांगितलं की घरून परवानगी नाही. तुम्ही एकदाही विचारायला आला नाहीत. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो की मी नमस्ते म्हणायची आणि तुम्ही मान हलवायचात. बस्स.

मग लग्न झालं, मुलगी झाली. इथे नोव्हायमध्ये आठ वर्षांची असताना तिच्या वर्गातल्या मुलींबरोबर सॉफ्टबॉलला गेली आणि तिथलीच झाली. शनिवार, रविवार, उन्हाळ्यात आठवड्यातून तीन दिवस. मी सगळ्या आयांसोबत घडीच्या खुर्चीत बसायची, मांडीवर संत्र्याच्या फोडींचा डबा. कोणी विचारलं तर हसून म्हणायची, की मला यातलं काही कळत नाही, आमच्याकडे क्रिकेट खेळतात. आठ वर्षं म्हणत होते, बाई. पोटच्या पोरीलासुद्धा. ती हात ताठ ठेवून बॉलवर झडप घालायची, तो हातातून उसळायचा, आणि मी खुर्चीत बसून जीभ चावायची. तीन शब्दांचं काम होतं. "हात मागे ने." ते तीन शब्द म्हटले असते तर पुढचे सगळे सांगावे लागले असते. एकदा ती बारा वर्षांची असताना महत्त्वाचा झेल सोडून रडत गाडीत बसली. मी ड्राइव्ह करत होते. आरशात तिचा चेहरा दिसत होता, मातीने आणि पाण्याने भरलेला. तो माझाच चेहरा होता. मी म्हणाले, "असू दे गं, आइसक्रीम खाऊया का?" ती म्हणाली, "यू डोन्ट गेट इट, आई." मी म्हणाले, हो, मला नाही कळत. याची मला लाज वाटते. झेल सोडल्याची वाटली नसेल इतकी.

जपानला मी कामासाठी गेले होते. लॅचमधला एक छोटा भाग तिकडच्या एका कारखान्यात बनतो, तो बघायला आठवडाभर. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला सुट्टी होती, म्हणून काम संपल्यावर चार दिवस फिरायला ती येऊन मिळाली. देवळं नकोत, बाग नको, तिला बॉलगेम बघायचा होता. तिकिटं तिनेच काढली, अगदी मैदानाला लागून, पहिल्या बेसच्या बाजूला. त्या जागा जाळीच्या पुढे आहेत, त्यामुळे आत शिरताना प्रत्येकाला एक हेल्मेट आणि एक ग्लोव्ह देतात, मॅच संपेपर्यंत वापरायला. बाई, प्रत्येकाला. प्रेक्षकाला. मी तो ग्लोव्ह हातात घेऊन उभीच राहिले. मऊ, तेल लावलेला, आतून कोणाच्याच घामाचा वास नसलेला. मागची रांग थांबली तेव्हा मुलीने मला ढकललं.

आणि काय तो थाट. तुम्ही असतात तर पहिल्या पाच मिनिटांत वही काढली असती. ज्यांची बॅटिंग त्यांचेच लोक गातात. ढोल, ट्रंपेट, झेंडे, आणि प्रत्येक बॅट्समनचं गाणं वेगळं. समोरचे लोक तोवर गप्प बसतात आणि आपली पाळी आली की सुरू होतात. आपल्याकडच्या डबलबारी भजनासारखं, फक्त इथे एकमेकांना चिमटे काढत नाहीत. मुली पाठीवर बिअरचं पिंप बांधून, फवारणीचा पंप घेतल्यासारख्या, पायऱ्या चढत-उतरत होत्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर गुडघ्यावर बसून ग्लास भरत होत्या. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढची एक बाई बसली होती, गळ्यात टीमचा टॉवेल. तिने मला उकडलेल्या हिरव्या शेंगा दिल्या, मी तिला घरून आणलेला बेसनाचा लाडू दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून हुंगला, खाल्ला, आणि नंतर ग्लोव्हमध्ये हात घालून पुढे वाकून बसली. म्हातारी खेळायला आली होती.

होम टीमची बॅटिंग आली की मी माझा ग्लोव्ह काढून पायाशी ठेवत होते. मला कळतही नव्हतं. मुलीने दोनदा उचलून दिला. तिसऱ्यांदा ती वैतागली. "आई, कीप इट ऑन. व्हाय डू यू कीप टेकिंग इट ऑफ?"

"आपली बॅटिंग आहे ना," मी म्हणाले.

"सो?"

 कोणीतरी येणार होतं, तो उचलणार होतं, असं माझ्या हाताला वाटत होतं. मी म्हटलं गरम होतं गं, आणि तो खालीच राहू दिला.

पाचवी इनिंग. दुपारचं ऊन, मागे ट्रंपेट चालू. बॅट्समनने मारलेला बॉल सरळ वर गेला आणि आमच्या बाजूला वळायला लागला. कठड्याशी बसलेल्या स्टेडियमच्या कामगार मुलींनी शिट्ट्या वाजवल्या, प्रेक्षकांना सावध करायला. समोरच्या टीमचा पहिल्या बेसवाला धावत कठड्यापर्यंत आला, वर बघितलं आणि थांबला. बॉल त्याच्या हाती लागणारा नव्हता. आता सांगते ते नीट ऐका. मी उभी राहिले ती कधी उभी राहिले ते मला माहीत नाही. पाय आपोआप दोन पावलं मागे, एक डावीकडे, खुर्चीच्या कडेने. मुलगीसुद्धा उठली होती, ग्लोव्ह वर करून, आणि म्हणत होती, "आय गॉट इट, आय गॉट इट." आणि मी ओरडले. "माझा!" हजारो माणसं गात होती, ढोल वाजत होता, आणि त्यावरून माझा आवाज मला ऐकू आला. "माझा! माझा!" पोटच्या पोरीला कोपराने बाजूला सारलं. ती बाजूला झाली, नियम माहीत होता म्हणून नाही, घाबरून.

बॉल मोठा होत गेला. आपल्या बॉलपेक्षा तो लहान आणि दगडासारखा असतो, हे मला त्या क्षणी आठवलं आणि तरी हात वर गेले, कपाळासमोर, करंगळीला करंगळी लागलेली. शिवण फिरताना दिसली. डोळे उघडे होते, बाई. मग तो आला आणि मी हात मागे नेले आणि त्याला आत घेतलं. चटका बसला तो थेट खांद्यापर्यंत. पण तो तिथे होता. दोन्ही तळव्यांच्या मध्ये, पांढरा, लाल शिवणीचा, गरम. तो पहिल्या बेसवाला पाठ फिरवून परत निघाला होता. मी "बॉल!" म्हणून हाक मारली, तो वळला, आणि मी फेकला. थ्रो सरळ त्याच्या छातीवर. त्याने घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि टोपीला हात लावून मान झुकवली. माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांनी, ज्यांची टीम बॅटिंग करत होती त्या गाणाऱ्या लोकांनीसुद्धा, टाळ्यांचा कडकडाट केला. मोठ्या पडद्यावर हेल्मेट घातलेली, कुर्ता आणि बूट घातलेली एक बाई दिसली. ती कोण हे ओळखायला मला जरा वेळ लागला.

"आई!" मुलगी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "यू थ्रू इट बॅक?"

"मग?"

"यू कीप इट! तो आपला असतो! दॅट्स द होल पॉइंट ऑफ बेसबॉल!"

"ठेवायचा? आणि मॅच कशाने खेळायची त्यांनी?"

 तिकडे त्या खेळाडूने बॉल अंपायरकडे दिला, अंपायरने तो बाजूला टाकून खिशातून नवा काढला. बाई, नवा. चांगला धडधाकट बॉल, आणि बाजूला. मुलगी हसायला लागली ती खुर्चीत कोसळेपर्यंत हसली. तेवढ्यात शिट्टीवाली मुलगी धावत आली, वाकून माझे हात लागले का ते बघितलं, मग आणखी वाकून हाताची फुली करून सांगितलं, "प्लीज, नो थ्रो." मैदानात काही फेकायला सक्त मनाई असते म्हणे. मी उठून वाकून माफी मागितली, ती पुन्हा वाकली, मी पुन्हा वाकले, आणि आमचं ते संपेना तेव्हा शेजारच्या म्हातारीने मला कुर्त्याला धरून खाली बसवलं. माझे तळवे उघडे करून तिने बघितले, लालबुंद झाले होते. तिने तिची बार्लीच्या चहाची गार बाटली माझ्या हातांत ठेवली आणि वरून आपले दोन्ही हात दाबले. मला त्या क्षणी तुमची फार आठवण आली, कारण तुम्ही असं कधी केलं नव्हतं.

मुलगी हसायची थांबली आणि म्हणाली, "ओके. व्हेअर डिड यू लर्न दॅट?" मग मी सांगितलं. सातवी इनिंग, आठवी इनिंग, सगळे फुगे सोडत होते, गात होते, आणि मी सांगत होते. सहा ग्लोव्ह, एक बॉल, टोमॅटो, शॉर्टस्टॉपची नजर, एसटी स्टँड. भित्रे हात. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे तिच्या बाबतीत नवल आहे. शेवटी म्हणाली, "एट इयर्स, आई. तू त्या खुर्चीत बसून होतीस. यू न्यू." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. मी म्हणाले, हो, मला माहीत होतं, माझं चुकलं. "आणि तुझी ती टीचर," ती म्हणाली, "दॅट वॉज सो मीन." मी लगेच तुमची बाजू घेतली. तुम्ही एकट्या होतात, पगारातून बॉल शिवून घेत होतात, त्या हरण्याने तुमचंही काही मोडलं असेल. हे सगळं मी सांगितलं आणि ते खरं आहे. पण ती म्हणाली, "यू वेअर फोर्टीन."

तर माझा राग ठरला, बाई, आणि तो तुम्हाला सांगते. तुम्ही चुकलात. माझे हात भित्रे नव्हते, चौदा वर्षांचे होते. तुमच्या अंगणात त्यांनी एकही टोमॅटो फोडला नव्हता, आणि ते तुम्हाला माहीत असून तुम्ही एका वाक्यात त्यांचा निकाल लावलात. ते वाक्य मी विमानात बसवून इथे आणलं आणि पस्तीसेक वर्षं खरं मानलं. मीटिंगमध्ये बरोबर उत्तर माहीत असताना गप्प बसले, मुलीसमोर अडाणी झाले. आणि तरीही, तो बॉल खाली येत असताना माझ्या तोंडून जे निघालं ते तुम्हीच शिकवलेलं होतं, हात मागे गेले ते तुमच्यामुळे, आणि उगाच परत फेकला तोही तुमच्यामुळेच. शिकवणारी तीच आणि निकाल लावणारी तीच. शिकवलेलं टिकलं, निकाल टिकला नाही. याहून जास्त मला काही म्हणायचं नाही, आणि हे म्हणताना मला इतका आनंद होतोय की नवरा भाजी घेऊन आला तरी मी दार उघडायला उठलेले नाही.

मुलगी परत आल्यापासून सगळ्यांना हीच गोष्ट सांगते. शेजारचे नागपूरचे काका परवा कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघाल्या यार." आता रोज संध्याकाळी ती मला मागच्या अंगणात उभं करते, उंच बॉल टाकते, आणि मी तिला ओरडते. "हात मागे ने!" ती उलट ओरडते, "आय नो, आय नो!" तिला माहीत नाही. पण होईल. तिच्या जुन्या लीगमधल्या दहा वर्षांच्या मुलींना शनिवारी शिकवायला कोणी हवंय, म्हणून तिने माझं नाव परस्पर देऊन टाकलं आहे. मी कॅन्सल केलेलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या मागे कोणी नव्हतं, आणि शाळेच्या पत्त्यावर टाकलं तर ऑफिसमध्ये फोडून मोठ्याने वाचतील. ते ड्रॉवरमध्येच राहील. आता एक गोष्ट उरली. मुलगी सगळ्यांना सांगते, आणि मीही वर लिहून बसले, की थ्रो सरळ त्याच्या छातीवर गेला. कोणी तपासणार नाही. पण तुम्ही तिथे असतात तर तुम्ही झेल सोडून नेमकं तेवढंच बघितलं असतं, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. थ्रो वर गेला होता, बाई. त्याला उडी मारावी लागली.